राणी दुसरी

शिफारस ही आमच्या भागात फार वजनदार वस्तू आहे. ती बदलीसाठी लागते, बोअर मंजूर करून घ्यायला लागते, पोराला वसतिगृहात घालायला लागते, आणि ज्याच्याकडे ती मागायची त्याच्या दारात पहाटे सहाला जाऊन उभं राहावं लागतं. माझ्या दारात मात्र आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. कारण मी ज्या एकमेव गोष्टीची शिफारस गेली जवळजवळ चाळीस वर्षं फुकट, न मागता आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता करत आलो आहे, तिची मांजरसुंब्यात कुणालाच गरज नाही. ती गोष्ट म्हणजे 'क्वीन' नावाच्या इंग्रज बँडची दुसरी तबकडी. नाव 'क्वीन टू'. प्रकाशन लंडनला, ८ मार्च १९७४ रोजी.

(बँड म्हटलं की आमच्याकडे वरात डोळ्यांपुढे येते. तसा बँड नव्हे. ह्यात घोडा नसतो.)

'क्वीन' म्हटलं की आता आमच्याकडची पोरंही माना डोलावतात. २०१८ साली त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचंच नाव त्याला दिलं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. शिवाय ते पाय आपटून टाळी वाजवायचं गाणं क्रिकेटच्या सामन्यामुळे घरोघरी पोचलेलं. "ते होय सर, ठाऊक आहे की!" असं कुणी म्हणालं की मी सरसावून बसतो आणि सांगतो, "ते सगळं नंतरचं. आधी दुसरी ऐका." एवढं ऐकल्याबरोबर समोरच्याला आपली बस आठवते.

आणि मांजरसुंब्यात बस आठवायला निमित्त लागत नाही. मांजरसुंबा म्हणजे बीडहून दक्षिणेला घाट चढून वर आलं की लागतो तो फाटा. धुळे-सोलापूर रस्ता इथून जातो, आणि नगरकडून पाटोद्यावरून आलेला रस्ता त्याला छेदून केज-अंबाजोगाईकडे निघतो. ह्या फाट्यावर आजवर किती माणसांनी चहा घेतला असेल त्याची गणती नाही, आणि त्यांतल्या कुणी गाव पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पुण्यामुंबईच्या माणसाला नाव सांगितलं की तो आधी हसतो, मग "म्हणजे मांजरांचं काही?" असं विचारतो, आणि थोडा भूगोल येत असेल तर नगरजवळच्या मांजरसुंब्याच्या गडाची चौकशी करतो. तो गड निराळा, आम्ही निराळे. आमच्याकडे गड नाही. डोंगर आहे, सीताफळं आहेत, जवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, पाऊस झाला तर धबधबा आहे. पण ह्यातलं काहीच फाट्यावरून दिसत नाही. फाट्यावरून दिसतात त्या फक्त पुढच्या गावांच्या पाट्या.

'क्वीन टू'चं नेमकं हेच झालं आहे. १९७५ च्या त्या एका गाण्याला पोचायच्या घाईत लोक तिच्यावरून निघून जातात. पण त्या गाण्याकडे जाणारा रस्ता, आणि ह्या मंडळींनी पुढे धरलेले नि मधेच सोडून दिलेले सगळेच रस्ते ज्या फाट्यावर फुटले, तो फाटा हा. तेव्हा इथे उतरावं, असं माझं म्हणणं. निदान चहापुरतं तरी.

ही तबकडी मांजरसुंब्याला आली ती तबकडीच्या रूपात नव्हे. १९८६ च्या मे महिन्यात, पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा सुटीला आला आणि जाताना साठ मिनिटांची एक कॅसेट विसरून गेला. त्यानं ती कुणाच्या तरी तबकडीवरून उतरवून घेतली होती आणि वर बॉलपेननं, मराठीत, 'राणी २' असं लिहिलं होतं. हे अक्षर नेमकं आमच्या मंडळींच्या हाती लागलं.

"अहो, ही राणी दुसरी, मग पहिली कोण?"

"पहिली १९७३ सालची," भाच्यानं सांगितलं होतं तेवढं मी अगदी सरळ मनानं सांगून टाकलं.

आमचं लग्न १९८१ सालचं. पुढचे दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं.

कॅसेट टू-इन-वनमध्ये घातली तर सुरुवातीलाच एका हृदयाच्या ठोक्यासारखा ड्रम आणि त्यावर अनेक गिटारी, संथ, एखादी पालखी लांबून यावी तशा. सेल उतरले आहेत असं मंडळींचं निदान पडलं. नवे सेल घातले, तरी पालखी आपल्याच चालीनं आली. मी मात्र तिच्यामागून जो चालायला लागलो तो अजून चालतो आहे.

आता थोडा इतिहास. मास्तरकीची सवय, जाता जात नाही.

हा बँड चौघांचा. गाणारा आणि पियानो वाजवणारा फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे, ड्रमवाला रॉजर टेलर आणि बेस गिटारवाला जॉन डीकन. चौघेही चांगले शिकलेले. एक खगोलभौतिकीवाला, एक दंतवैद्यकी सोडून जीवशास्त्राकडे गेलेला, एक इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि फ्रेडी चित्रकलेच्या कॉलेजातला. अशी चार स्थळं आमच्याकडे एका घरात असती तर वधुपित्यांनी दार मोडलं असतं, आणि मुलं गिटार वाजवत हिंडतात हे कळल्यावर स्वखर्चानं दुरुस्त करून दिलं असतं. पहिल्या तबकडीवर डीकनचं नाव उलटं, 'डीकन जॉन' असं छापलं. आमच्या हजेरीपटावर आडनाव आधीच असतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फ्रेडीचं खरं नाव फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा. वडील बोमी बलसारा तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल. घराणं मूळचं पारशी, गुजरातेतल्या बलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं, आणि आडनावही त्या गावावरूनच. आपल्या हिशेबानं म्हणायचं तर फारोख बोमी वलसाडकर. शिवाय हा माणूस कमालीचा मांजरवेडा. १९८५ साली त्यानं एकट्यानं काढलेली तबकडी आपल्या जेरी नावाच्या मांजराला आणि जगातल्या समस्त मांजरप्रेमींना अर्पण केली. आमच्या गावाच्या नावाचा इतका मान दुसऱ्या कुणी राखल्याचं ऐकिवात नाही, आणि तरी ग्रामपंचायतीत ह्याची कुठे नोंद नाही.

ह्या फारोखला आईवडिलांनी आठ वर्षांचा असताना बोटीत बसवून थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडलं. तिथे तो पियानो शिकला, मुष्टियुद्ध खेळला, आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांना घेऊन 'हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला. गंमत अशी की ह्या बँडमध्ये गाणारा दुसराच मुलगा होता. आमचा फारोख मागे पियानोवर. जगातला एक अव्वल गळा पाचगणीच्या रंगमंचावर मागच्या बाजूला बसून राहिला! ह्याचं पुण्यामुंबईच्या लोकांना नवल वाटेल, मला नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुढे कोण गाणार हे गळ्यावर ठरत नसतं. जाता जाता सांगतो, त्या बँडचा ड्रमवाला पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला.

१९६३ मध्ये फारोख झांझिबारला परतला आणि १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली. बलसारा कुटुंब होतं नव्हतं ते गुंडाळून इंग्लंडला, लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टम गावी आलं. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराची दोन घरं आणि एक वसतिगृह संपलेलं होतं.

ह्या आठ वर्षांच्या आकड्याशी मी जरा अडखळतो. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं निघतात. बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर, त्यावर भांडी, कोंबड्या, म्हातारी, तान्ही पोरं. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग भरायचा तो निम्मा. काही पोरं आईबापांबरोबर फडावर, काही आजीपाशी मागे राहिलेली. मागे राहिलेली पोरं वर्गात कशी बसतात ते मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे. फार शहाण्यासारखी बसतात. पाचगणी आणि ऊसतोड ह्यांची बरोबरी मला करायची नाही. एकीकडे फी भरून घर सुटतं, दुसरीकडे उचल घेऊन. पण ही तबकडी ऐकताना मला ती पोरं आठवतात, कारण ती आतून घर सुटण्याच्या गोष्टींनीच भरलेली आहे.

तिला ए बाजू आणि बी बाजू नाही. एक पांढरी बाजू, एक काळी बाजू. आपल्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात तसं. पांढरी बाजू बहुतेक सगळी ब्रायन मेची. त्या पालखीनंतर येतं 'फादर टू सन', बापानं मुलाशी बोललेलं. ह्या ब्रायनची गिटारच मुळी बापलेकांनी घरी केलेली. १९६३ पासून दोनेक वर्षं खपून. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, आणि एका दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक. वाजवायची प्लॅस्टिकच्या नखीनं नव्हे, सहा पेनीच्या नाण्यानं. आणि एवढं करून पोरानं खगोलशास्त्राचा प्रबंध अर्धवट टाकला नि बँडबरोबर गेला. बापाच्या जिवाला काय झालं असेल! (तो प्रबंध त्यानं २००७ साली पुरा केला. आमच्याकडे बी.एड. राहिलेल्यांना मी हे मुद्दाम सांगतो.)

ह्याच बाजूला 'व्हाइट क्वीन' आहे. त्यात एक साधी गिटार सतारीसारखी झणझणते. ब्रायननं तिच्या तारांची बैठक अशी करून घेतली होती की तारा किंचित घासत राहाव्यात. आता ही तर आपली जवारी. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून घासून आणि तारेखाली सूत सरकवून जी काढतो तीच. आम्ही ती शेकडो वर्षं काढतो आहोत आणि कॅसेटच्या कव्हरावर त्याबद्दल काही लिहीत नाही.

पांढऱ्या बाजूचं शेवटचं गाणं एकट्या टेलरचं, 'द लूझर इन द एन्ड'. 'क्वीन'च्या भक्तमंडळींना हे गाणं आवडत नाही. फार आदळआपट आहे म्हणतात. आहे. पण त्यात मुलगा घर सोडून जातो आणि हरते ती आई, एवढी साधी गोष्ट आहे, आणि चोवीस वर्षांच्या ड्रमवाल्यानं ती सांगितली आहे. त्या वयात आईच्या बाजूनं बोलणारा मुलगा मला तरी वर्गात क्वचित भेटला. आदळआपट माफ.

१९८८ च्या हंगामात सातवीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायचा. आईबाप सांगलीकडच्या एका कारखान्याच्या फडावर, हा आजीपाशी. एकदा तो गणितं करत असताना मी काळी बाजू लावली. त्यात एक जागा अशी येते की एकाएकी पन्नास-साठ माणसं गायला लागल्यासारखी वाटतात. पोरानं पेन्सिल ठेवली.

"गुर्जी, ही किती मानसं गायलीत?"

"तीन."

"तीनच? मंग बाकीची कुठंयत?"

मग त्याला समजावून सांगितलं. लंडनला ट्रायडंट नावाचा स्टुडिओ होता, तिथे १९७३ च्या ऑगस्टमध्ये हे काम झालं. टेपला सोळा पट्ट्या. तिघांनी एकदा गायचं, टेप मागे घ्यायची, स्वतःचा आवाज ऐकत त्याच्यावर दुसऱ्यांदा गायचं, मग तिसऱ्यांदा, मग पट्ट्या पुरेनाशा झाल्या की सगळे आवाज एका पट्टीत कोंबायचे आणि पुन्हा सुरू. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या वेळी तर टेप इतकी झिजली की उजेडात धरल्यावर आरपार दिसायला लागली, असं ती मंडळी सांगतात. चौथा, डीकन, गात नव्हता. त्यानं बाकीच्या तिघांना ऐकलं हेही काही कमी नव्हे.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंजी मानसं तीनच, पन आवाज जत्रंचा."

जत्रा म्हणजे कपिलधारची, कार्तिकी पौर्णिमेची. त्याच्या डोळ्यांपुढे गर्दीचं तेच माप होतं. त्यानंतर बरेच दिवस तो आल्या आल्या "गुर्जी, ती जत्रा लावा" म्हणायचा. तेवढीच जागा ऐकायचा आणि वहीत डोकं घालायचा. पाडव्याच्या सुमारास त्याचे आईबाप परत आले. मग त्याचं येणं थांबलं, आणि ते बरंच झालं.

ती जत्रेची जागा काळ्या बाजूवरच्या 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' ह्या गाण्यातली. काळी बाजू पूर्ण फ्रेडीची, आणि माझ्या मते ह्या माणसाची सगळी अक्कल नि सगळा चावटपणा ह्या एका बाजूत आहे. पहिल्या 'ऑगर बॅटल'ची सुरुवात म्हणजे त्याच गाण्याचा शेवट उलटा फिरवलेला. आमच्या टू-इन-वननं कॅसेट खाल्ली की असाच आवाज यायचा, त्यामुळे मंडळी धावत आल्या. मग घंटेचा एक टोल, आणि गाणं न थांबता दुसऱ्यात शिरतं. ते आहे रिचर्ड डॅड नावाच्या चित्रकाराच्या एका चित्रावर. ह्या डॅडनं १८४३ साली वेडाच्या भरात बापाचा खून केला आणि मग वेड्यांच्या इस्पितळात बसून १८५५ ते १८६४ अशी वर्षं एका चित्रावर घालवली. चित्राची उंची दोन फूटसुद्धा नाही, आणि आत पऱ्या, बुटके, गाडीवान, नाना जातीची चिमुकली माणसं गच्च भरलेली. लंडनच्या टेट गॅलरीत ते आहे, तिथे फ्रेडीनं ते पाहिलं. आणि नऊ वर्षांचं ते चित्र त्यानं पावणेतीन मिनिटांत, जुन्या पद्धतीचं हार्प्सिकॉर्ड बडवत, एकेका बुटक्याची हजेरी घेत गाऊन दाखवलं. पाठोपाठ सव्वा मिनिटाचं पियानोवरचं 'नेव्हरमोअर', संगीत नाटकात झगड्याच्या प्रवेशानंतर एक करुण पद यावं तसं. आणि मग ती साडेसहा मिनिटांची काळी राणी. तिच्यात चार-पाच गाण्यांचा ऐवज आहे. लय बदलते, चाल बदलते, धमकी होते, लाडीगोडी होते, एकाच वेळी दोन निरनिराळ्या लयी चालतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आकाशातून पडली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गाणं ऐकावं. वर्षभरानंतरच्या लग्नाची सगळी खरेदी इथे झालेली दिसते. पुढचं 'फनी हाउ लव्ह इज' मला आवडत नाही. एकच गोष्ट धरून बसतं, आमच्या एका निवृत्त केंद्रप्रमुखांसारखं.

कव्हरावर त्यांनी छापलं की ह्यात सिंथेसायझर कुणीही वाजवलेला नाही. मोठ्या अभिमानानं छापलं. आणि शेवटच्या गाण्यात त्यांचा निर्माता रॉय थॉमस बेकर ह्यानं स्टायलोफोन नावाचं एक चिमुकलं इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवून ठेवलं आहे. कायदा करावा तर असा.

तबकडी आली तेव्हा लंडनच्या एका साप्ताहिकानं तिला नटव्या रॉकचा गाळ ठरवलं. इथे आमच्या फाट्यावरच्या हॉटेलवाल्या मामांची आठवण होते. त्यांच्याकडे दिवसभर प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी चालायच्या. एकदा भिडेखातर त्यांनी माझी राणी लावली. तीन मिनिटांनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुर्जी, आवाज लई हाय, पर ह्यात गानं कुठंय?" लंडनचा टीकाकार ह्याहून वेगळं काय म्हणाला होता? मामांनी निदान चहाचे पैसे घेतले नाहीत.

पण लोकांनी ऐकलं. २१ फेब्रुवारी १९७४ रोजी 'टॉप ऑफ द पॉप्स' ह्या टेलिव्हिजनच्या कार्यक्रमात डेव्हिड बोवीचा भाग मिळाला नाही म्हणून ऐनवेळी ह्या चौघांना उभं केलं, आणि काळ्या बाजूचं शेवटचं गाणं, 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय', दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. तबकडी इंग्लंडात पाचवी आली. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात ब्रायनला कावीळ झाली आणि सगळे अर्ध्यातून घरी. आमच्याकडे असता तर काविळीवर त्याला सतरा जणांनी सतरा मुळ्या दिल्या असत्या आणि सतरा वेळा पथ्याचं सांगितलं असतं.

आता ऐकायचं कसं ते सांगतो, कारण आज कुणालाही फोनवर फुकटात मिळते आणि फुकट मिळालेलं लोक भाजी निवडताना ऐकतात. पांढरी बाजू दिवेलागणीला ऐकावी, काळी जेवणानंतर. एस्टीत ऐकू नये, ड्रायव्हरचा हॉर्न बरोबर चुकीच्या जागी येतो. कानात घालायच्या त्या बोंडांनी ऐकली तर उत्तम, म्हणजे माणसं ह्या कानातून त्या कानात पळताना कळतात. आणि आधी कव्हराचं चित्र एकदा बघून घ्यावं. अंधारात चार चेहरे, मधे फ्रेडी छातीवर हात घेऊन. मिक रॉक नावाच्या छायाचित्रकारानं मार्लिन डीट्रिशच्या एका जुन्या फोटोवरून ते बेतलं. सिनेमा पाहिलेल्यांना ते 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं वाटतं, पण आधीचं ते हेच.

'ऱ्हाय' हा फ्रेडीनं आपल्या धाकट्या बहिणीबरोबर, काश्मिराबरोबर, कल्पनेत वसवलेला देश. झांझिबार सुटलेल्या माणसाला एवढी एक जमीन पुरली. त्याचं गाणं संपता संपता मागून एक गर्दी जुन्या इंग्रजी करमणुकीच्या नाटकगृहातलं समुद्रकिनाऱ्याचं गाणं गायला लागते, सुरात-बेसुरात, सहलीला निघाल्यासारखी, आणि विरत जाते. मांजरसुंब्याहून समुद्र तीनेकशे किलोमीटर. मी आवाज थोडा वाढवतो. आतून मंडळी विचारतात,

"अहो, आता ही कोण इतकी माणसं?"

"समुद्रावर निघालीत."

"मग जाऊ द्या की त्यांना. तुम्ही गिरणीत जा, दळण झालं असेल."